कडूबांनी सोडलेली फूटभर जागा

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप केशवमामांना श्रीरंगचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींची शुगर ताब्यात असेल असं धरून चालतो (फोनवर त्या तसं सांगतात, पण सांगताना तोंडात काहीतरी असतं).

इथं मात्र माझी झोप उडालीय. शेजारचे कडूबा, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर, यांनी कंपाउंडची नवी भिंत बांधली, ती माझ्या भिंतीपासून फूटभर लांब, स्वतःच्या जागेत. लोक इंचासाठी कोर्टात जातात आणि हा माणूस फूट सोडतो? मी सरकारी मोजणी मागवली. सोडलेली जागा त्यांचीच निघाली. तेव्हा तर माझी खात्रीच पटली, की तिथं काहीतरी पुरलंय. नीरजा म्हणाली, असलं तरी ते त्यांचंच. (बायको माझी, पण बाजू कुणाची घेते बघा.)

शेवटी परवा सकाळी कडूबा भाजीला गेलेले पाहून मी भिंतीवर चढलो, खाली वाकलो आणि घसरलो. पाय जमिनीला टेकलेच नाहीत. पोट दोन भिंतींत अडकलं. नीरजानं जरा ओढून पाहिलं, मग पदर तोंडाला लावून बसून राहिली. तेवढ्यात कडूबा परतले. त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि काही न विचारता आपल्याच नव्या भिंतीच्या विटा काढायला घेतल्या. मी अडकल्या अडकल्या विचारलं, की ही जागा नेमकी कशापायी सोडली?

"तुमच्यापायी," ते म्हणाले. "तुम्ही लई मोजता, साहेब. म्हणलं, आपणच जरा आत सरकावं."

कमरेला खरचटलं त्याचं काही नाही, मामा, पण हे लागलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. संध्याकाळी जाऊन त्यांच्या भिंतीला विटा लावू लागलो. त्यांनी चहा दिला. (साखर जरा जास्तच होती. कशासाठी?)

आपला,
श्रीरंग

ता.क. : पत्र खरं तर यासाठी. करमाडला माझ्या प्लॉटला लागून तुमचा जो प्लॉट आहे, त्याला तुम्ही तारेचं कुंपण घातलंत आणि माझ्या बाजूला दोन फूट सोडलेत, असं कळलं. मामा, का?

ता.क. २ : रविवारी टेप घेऊन येतोय. मोजणी जेवणाआधीच उरकू. मामींच्या हातचं खाल्ल्यावर तुमच्यावर संशय घेणं मला जड जातं.