रतनसिंगचा डाव

साखरा, २९ ऑक्टोबर १९४५
दिवाळीच्या सुट्टीत घरी. इंजिनियरिंग उत्तम चाललंय, फक्त फिजिक्स अडतंय. मॅट्रिकला फिजिक्सऐवजी फारसी घेतली, कारण फिजिक्सचे मास्तर मारकुटे. यात माझी चूक काय? प्रिन्सिपॉल म्हणतात, सुट्टीनंतर फिजिक्सची परीक्षा द्या, नापास झालात तर घरी जा. माझ्यावर कुणीतरी डूख धरून आहे. बाबा म्हणाले, "फेल झालास तर गडी काढतो. मोट पुन्हा तूच हाकायची." निश्चय : रोज पहाटे उठून अभ्यास.

३० ऑक्टोबर
पहाटे फार थंडी होती.

१ नोव्हेंबर
तांड्यावरचा रतनसिंग आला. माझ्याच वर्गात, फिजिक्समध्ये पहिला. म्हणाला, "चाल, मी शिकवतो." न मागता? आईने त्याला करंज्या दिल्या. तिलाही गुंडाळलं.

२ नोव्हेंबर
रतनसिंगने मला आमच्याच विहिरीवर नेलं. म्हणाला, "पुली म्हंजे हे मोटंचं चाक. बैल उतारानं खाली जातेत, मोट वर येती. बैलाचं वजन बी ओढायच्या कामी येतं, म्हणून तकलीफ कमी. बराबर?" मी बराबर म्हणालो. पण इंजिनियरिंगमध्ये मोट? हा मला बनवतोय!

४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
डाव कळला. मी शिकलो तर त्याचा पहिला नंबर जाणार. निश्चय : तो सांगेल त्याच्या नेमकं उलट लिहायचं. त्यामुळे अभ्यासाचा त्रासही वाचला.

१४ नोव्हेंबर, हैदराबाद
परीक्षा. प्रश्न काय, तर मोट कशी चालते ते आकृतीसह सांगा! म्हणजे प्रोफेसरही सामील. मी डगमगलो नाही. बैल चढावर चढताना दाखवले. चित्र झकास आलं, शिंगांसकट.

२० नोव्हेंबर
नापास. प्रोफेसरांनी विचारलं, घरी शेती आहे का? विहीर? आहे म्हणालो. मग त्यांनी माझी आकृती उलटी धरून पाहिली. रतनसिंग माझी ट्रंक उचलून स्टेशनवर आला. म्हणाला, "काहून उलटं लिहिलं रे?" डोळ्यांत पाणी. नाटकात जायला हवा होता.

२३ नोव्हेंबर, साखरा
अखेर पहाटे उठलो. बाबांनी उठवलं. गडी गेला, मोटेवर मी. लहानपणापासून हाकतोय, पण आज नीट पाहिलं. बैल उतारानं खाली गेले आणि मोट भरून वर आली. पुन्हा हाकली. पुन्हा तेच.
फार वाईट वाटलं. आमच्या घरचे बैल, पण रतनसिंगने त्यांनाही फितवलं.