हंड्यावरचे नाव

अप्पा, जी क्षमा मी मागावी असे तुम्हाला शेवटपर्यंत वाटत होते, ती मी आजही मागणार नाही. तोच प्रसंग पुन्हा आला, तर पारनेरच्या दिवाणी कोर्टाची पायरी मी पुन्हा चढेन, आणि आईलाही चढवीन.

इंग्रजांचे राज्य संपायला थोडीच वर्षे उरली होती. आईच्या माहेरचा, जावयाचे नाव घालून दिलेला तांब्याचा हंडा इनामदारांनी लग्नकार्यासाठी नेला. परत आला तो दुसराच: हलका, काठाशी पिचलेला, नाव नसलेला. पोचवायला आलेला गडी म्हणाला, "मास्तर, भांड्याबदली भांडं हाय की! पानी तर ह्यातबी ऱ्हातंय." तुम्ही हसलात. शाळा इनामदारांच्या जागेत भरत होती, हे मला कळत होते. पण ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी छडी उगारणारे तुम्ही, त्या दिवशी हसलात, हे मला अजून डाचते. आई म्हणाली, "माझ्या वडलांनी दिलेला तोच मला हवा." उत्तर तुम्ही मला दिलेत: "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. हंडा गेला, आब राहू दे."

मी आईच्या नावे स्मॉल कॉजचा, म्हणजे किरकोळ रकमेचा, दावा लावला. अर्जनविसाच्या मसुद्यातील अशुद्धे कोर्टाच्या ओट्यावरच दुरुस्त केली. ती विद्या तुमचीच. आईने अंगठा उठवला.

तारखेला तुम्ही आला नाहीत. कोर्टाने इनामदारांकडून मागवलेला हंडा टेबलावर आहे. काठाखालचे नाव ठोकून सपाट केले आहे. आडनावाची शेवटची दोन अक्षरे तेवढी वाचली आहेत. न्यायाधीश विचारतात, "इथे कोणाचे नाव होते, बाई?"

"ह्यांचं."

"ह्यांचं म्हणजे?"

इनामदारांचे वकील म्हणतात, "घ्या की वहिनी उखाणा, आम्हीही ऐकतो!" सगळे कोर्ट हसते. आई डोक्यावरचा पदर सारखा करते आणि तुमचे नाव, तुमच्या वडिलांचे नाव, आडनाव, सरळ उच्चारते. उखाणा नाही, अडखळणे नाही. हसू थांबते. न्यायाधीश हंडा उजेडाकडे वळवून ती दोन अक्षरे पाहतात. ती तिने वाचली असावीत, असे वकिलालाही म्हणता येईना. तिला तुम्ही अक्षर शिकवलेच नव्हते.

टांग्यात ती हंडा मांडीवर घेऊन बसली. रात्री तुम्ही ताटावरून उठलात. "चारचौघांत माझे नाव घेतलेस!"

"घेतलं," ती म्हणाली. "हंड्यावर होतं, तेच घेतलं."

शाळा देवळाच्या ओवरीत हलवावी लागली. तो दोष माझा, हे मला मान्य आहे. पश्चात्ताप मान्य नाही.

हे पाठवायला ठिकाण नाही, तरी सवयीने पाकीट घेतले. त्यावर 'तीर्थरूप' लिहिले आणि हात थांबला. पुढे तुमचे नाव लिहायला मी धजलो नाही, अप्पा. ते धाडस आपल्या घरात तिचेच.