स्टॅनवर्थ हॉलच्या प्रार्थनाघरातले लग्न

मी, थिओफिलस प्रॉसर, वय वर्षे अडुसष्ट, नेदरकॉम्ब गावचा पाद्री आणि त्याआधी नऊ वर्षे लॉर्ड स्टॅनवर्थ यांच्या घरचा खासगी पाद्री, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर कापते ते वयामुळे; बुद्धी जागेवर आहे. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी खरे लिहिले नव्हते.

कलम १. स्टॅनवर्थ घराण्याच्या थडग्यांच्या तळघरात माझ्यासाठी जागा राखून ठेवली आहे. ती मला नको. चर्चच्या उत्तरेला, जिथे सहसा कोणी पुरून घेत नाही, तिथे पुरावे.

कलम २. राहते घर चर्चचे आहे, ते देता येत नाही. घोडी माझी मोलकरीण विनिफ्रेड हिला. ती घोडी विकणार हे मला ठाऊक आहे. विकू द्यावी.

कलम ३. सोंगट्यांचा हस्तिदंती पट थोरल्या लॉर्डसाहेबांनी दिलेला. जेवणानंतर मी रोज त्यांच्याशी खेळे आणि ठरवून हरे. तो त्यांचे पुतणे, सध्याचे लॉर्ड, यांना परत द्यावा. चांदीचे चमचे स्वयंपाकीण मिसेस ट्रँटर हिच्या नातीला. त्या घरी पाद्र्याने जेवणाआधी प्रार्थना म्हणायची, आणि गोड पदार्थ आले की उठून दाराबाहेर थांबायचे. शेवटच्या प्रार्थनेला पुन्हा हाक येई. मिसेस ट्रँटर दारामागे माझ्यासाठी पुडिंग झाकून ठेवी. बाकी कोणाला ते कधी सुचले नाही.

कलम ४. हे कलम शपथेवरचे निवेदन समजावे.

१६ मे १६९९ रोजी, सकाळच्या प्रार्थनेनंतर नोकरमंडळी पांगल्यावर, मी थोरल्या लॉर्डसाहेबांचा एकुलता मुलगा लायोनेल आणि बाईसाहेबांची दासी ज्युडिथ पेल यांचे लग्न त्या घरच्या प्रार्थनाघरात विधिपूर्वक लावले. दोघे सज्ञान, दोघे राजी. साक्षीला म्हातारा कोचमन होता; तो त्याच उन्हाळ्यात वारला. नोंद मी प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानावर केली. ऑक्टोबरात लायोनेल लंडनला देवीच्या रोगाने वारला. ज्युडिथला तेव्हा पाचवा महिना होता.

लॉर्डसाहेबांनी मला बोलावले. ज्युडिथ तिथेच उभी होती.

"बुवा, ही पोरगी म्हणते, तुम्ही लग्न लावलंत. लावलंत का?"

मी ज्युडिथकडे पाहिले.

"नेदरकॉम्बचे पाद्री परवा गेले. ती जागा कोणाला द्यायची ते माझ्या हातात आहे. नीट आठवून सांगा."

"नाही लावलं, साहेब."

"अहो बुवा," ज्युडिथ म्हणाली, "तुम्हीच ना माझा हात त्यांच्या हातात दिलात?"

"मला असं काही आठवत नाही, मुली."

ती रडली नाही. "बरं. मग माझ्या लेकराला काय सांगू, तेवढं सांगा."

मी ते सांगितले नाही. नोंदीचे पान त्याच दुपारी चुलीत टाकले.

तिने लुडलो गावात हातमोजे शिवून मुलगी वाढवली. इस्टेट पुतण्याला गेली. मुलीचा इस्टेटीवर हक्क होता की नाही हे वकिलांनी पाहावे. १७२१ साली ज्युडिथला तिच्या बापाशेजारी पुरायला माझ्याच चर्चमध्ये आणले. नोंदवहीत मीच लिहिले: 'ज्युडिथ पेल, अविवाहित.' मुलगी डॅमरिस समोर उभी राहून ते वाचत होती.

गेल्या महिन्यात मी डॅमरिसकडे गेलो. तिला सगळे सांगितले आणि माझी पुंजी देऊ केली.

"पुंजी ठेवा तुमची," ती म्हणाली. "नाही म्हणालात ते लॉर्डाच्या तोंडावर ना? मग हो पण तसंच म्हणा. मेल्यावर नको. मेलेला माणूस काय, काहीही लिहून ठेवतो."

तरीही पुंजी तिलाच द्यावी. तिने ती नदीत टाकली तरी हरकत घेऊ नये.

कलम ५. अंमलबजावणी लुडलोचे डॉक्टर बेव्हन यांनी करावी. त्यांची जमीन, घर किंवा पगार यांपैकी काहीही स्टॅनवर्थकडून येत नाही.

नेदरकॉम्ब, २८ मे १७३४.
थिओफिलस प्रॉसर
साक्षीदार: जेथ्रो मील, लोहार, ॲन कॉर्फील्ड, सुईण (सही येत नाही, फुली केली)

पुरवणी. ९ जूनच्या रविवारी मी कलम ४ चर्चमध्ये मोठ्याने वाचले. सध्याचे लॉर्डसाहेब पुढच्या बाकावर होते. 'चुलीत टाकले' इथे ते उठले आणि बाईसाहेबांना घेऊन निघून गेले. कुळे एकमेकांकडे बघत राहिली, पण उठले कोणी नाही. बिशपकडे तक्रार गेल्याचे कळते.

डॅमरिस दाराशी बसली होती. मी निरोप धाडला होता. नंतर तिच्यासमोर नोंदवही उघडली, 'अविवाहित' खोडले आणि 'लायोनेल स्टॅनवर्थ यांची पत्नी' असे लिहिले. तिने ते दोनदा वाचले.

"तारीख घाला," ती म्हणाली.

"लग्नाची?"

"नाही. आजची. किती उशीर केलात ते दिसू दे."

मी तारीख घातली.

नेदरकॉम्ब, ११ जून १७३४.
थिओफिलस प्रॉसर
साक्षीदार: वरीलप्रमाणेच