सोलांखालची लाट

१६ मे १९८७, शनि. चोपडे
जमलं एकदाचं! संगणकातल्या समुद्राला विषुववृत्तावर वाऱ्याचा एक धक्का दिला, लाट पूर्वेला निघाली, सुमात्राला आपटली. थोडी परत फिरली. उरलेली काठ धरून बंगालचा उपसागर फिरून, श्रीलंकेला वळसा घालून थेट गोव्यापर्यंत! आजवर ही बया वाटेतच फुटायची, आकडे नुसते भडकायचे. प्रिंटआउट घरी आणलाय, पेन्सिलीने रेघा काढायला. सोमवारी पणजीला संस्थेत सरांना द्यायचा. पसंत पडला तर दोन वर्षं अमेरिका.
जेवताना बाबांना सांगितलं. "बरें," म्हणाले, आणि पेजेत मीठ मागितलं. आई असती तर शंभर प्रश्न विचारले असते.

१७ मे, रवि.
काय करू या माणसाचं! देवळातून येते तो अंगणात कोकमाची सोलं वाळत घातलेली. माझ्या प्रिंटआउटवर!! आई जुन्या कागदांवर घालायची, पण दर मे महिन्यात विचारायची, "हे कागद चलतात मगो?" ती गेल्यावरचं हे पहिलंच वर्ष.
"तुजी आई घालताली तशींच घातलीं गो."
"जुने टेबलाखाली आहेत, दिसत नाहीत? मी जाऊ नये म्हणून केलंत ना हे?"
बाबा सोलं परतायला वाकले. मी दिवसभर फणफणत होते.

१८ मे, सोम. पणजी
सरांनी कागद नाकाशी नेला. "सोलकढी?" हसत सुटले. सुमात्रा ठीक, उपसागर ठीक, नेमका गोव्याचा किनारा लालभडक. एक आकडा वाचता येईना. आकड्यांची टेप तर पुसून दुसऱ्याच्या कामाला गेलेली. पुन्हा चालवायचं. संगणकावर आमची पाळी महिनाअखेरीस. हरे राम.

२९ मे, शुक्र.
पोचली! तेच आकडे, आणि कागद पांढरा शुभ्र.
सर : "सोमवारी हो की नाही ते सांग, पत्र धाडतो."
हो म्हणायला तोंड उघडलं होतं...

३० मे, शनि. चोपडे
गोवा राज्य झालं आज. फेरीबोटीत पेढे वाटले. बाबा धक्क्यावर उभे, कधी येत नाहीत.
"पावली गो तुजी लाट?"
"पावली."
घरी सोलांचा डबा भरून ठेवलेला, झाकणाला फडकं बांधून. "थंय अमेरिकेंत मेळचीं नात," म्हणाले. चव थेट आईच्या हातची. वाळत्या सोलांना रसाचे पुट किती द्यायचे हे बाबांना कधी कळलं?

३१ मे, रवि.
टेबलाखाली केर काढताना जुन्या कागदांचा गठ्ठा हाती आला. गेल्या वर्षी पावसाआधी आईने सुंभाने बांधलेला, तिची ती दुहेरी गाठ. तशीच. बाबा दारात उभे होते.
"ती गांठ सोडूंक हातच वयर सरलो ना," म्हणाले.
आणि मी काय काय बोलले त्यांना. तिथेच बसून रडले. बाबांनी पाणी आणून दिलं.
गठ्ठा होता तिथे ठेवलाय. उद्या पहिल्या फेरीने निघायचं, सरांना हो की नाही ते सांगायचं. डबा पिशवीत घातला, बाहेर काढला. परत घातला. बाबा बघताहेत, विचारत काही नाहीत.