गरम झाली की बंद पडते

सोमवार, ४ मार्च

आज पुन्हा तेच! दातांचे डॉक्टर गाडी पाहायला आले होते. बॉनेटवरून हात फिरवला, दार दोनदा उघडून लावून त्याचा आवाज ऐकला, आतल्या कातड्याच्या सीटवर थाप मारली. खूश होते. यांच्याच उंचीचे आहेत, त्यामुळे सीट हलवावी लागली नाही. ते एक बरं झालं. मी शेजारी बसले. शाळा मागे पडली, पूल मागे पडला — आणि चढावर गाडी गप्प! इतकी मोठी, ऐटबाज गाडी, आणि मागे रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. बाजूला घेऊन उभे राहिलो. इंजिन निवल्यावर शहाण्यासारखी चालू झाली.

"थंड असताना महाराणी," डॉक्टर म्हणाले, "आणि गरम झाली की रुसूबाई. मला हवी आहे हो. पण तासभर न थांबता धावली पाहिजे. सतराच्या रविवारी येतो, तोवर बघा काही होतंय का."

संध्याकाळी मुलाचा फोन. "आई, कशाला घोळ घालतेस? नव्या फ्लॅटला पार्किंग नाही, महिनाअखेर घराच्या किल्ल्या द्यायच्यात. भंगारवाल्याला बोलव. सुटे भाग काढून घेईल." त्याचं चूक नाही. पण सुटे भाग! यांनी त्या गाडीत कुणाला ओल्या चपलेने बसू दिलं नाही.

विकायला माझी ना नाही. तोडायला आहे.

मंगळवार, ५ मार्च

भाऊजींना फोन केला. हे गेल्यापासून मी आपणहून केलेला पहिलाच फोन. "उद्या येतो," म्हणाले आणि ठेवला. यांचा धाकटा भाऊ, स्वतःचं गॅरेज आहे, आणि आजवर गाडीसाठी मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. गाडी हा यांचा प्रांत. दोघे भाऊ तिच्याबद्दल तासन्‌तास भांडायचे, मी आत टीव्ही मोठा करायची.

बुधवार, ६ मार्च

भाऊजी आले. बॉनेट उघडायला सांगितलं आणि स्वतः दोन हात लांब उभे राहिले. हात पाठीमागे.

"मी हिला हात लावणार नाही, वहिनी."

"म्हणजे?"

"दादाने शपथ घातलीय. मी नसलो तरी माझ्या गाडीला तुझे ते काळे हात लागता कामा नयेत, म्हणाला."

असं म्हणाले असतील. यांचा स्वभावच तसा. मग म्हटलं, गॅरेजमधलं दुसरं कुणी पाठवा. तर म्हणे, "परक्याच्या हातात दिली तर वरून शिव्या घालेल तो मला. घरच्या माणसाने करायचं. तुम्ही करा. मी सांगतो."

मी! रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत जन्म गेला माझा. पाना कधी हातात धरला नाही. तसं सांगितलं.

"सुई धरत होता ना? पाना त्याहून जाड असतो. दिसतो तरी."

मग विचारलं, "हेअर ड्रायर आहे का घरात?" मला वाटलं थट्टा करतायत. पण नाही. गाडी चालू करायला लावली. इंजिनाच्या कडेला साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी आहे — मॉड्यूल. इंजिनात ठिणगी केव्हा पडायची ते ती ठरवते. "तिच्यावर गरम हवा सोडा." सोडली. लांबलचक वायर लावून, बॉनेटमध्ये वाकून, जशी काही गाडी नुकतीच न्हाऊन आलीय! थोड्या वेळात इंजिन अडखळलं आणि बंद. मग ओल्या फडक्याने डबी थंड केली. चालू!

"सापडला चोर," भाऊजी म्हणाले. हात अजून पाठीमागेच.

मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

शनिवार, ९ मार्च

नवं मॉड्यूल आलं. भाऊजींनी दुकानातून आणून दिलं. गाडीच्या दाराशी स्टूल टाकून बसले, हात काखेत दाबून. मला म्हणाले, "आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. दहाचा पाना."

दहाचा कुठला ते शोधण्यातच चहाची वेळ झाली.

वायर सुटली. डबीत खोचलेल्या प्लगची खिट्टी दाबून तो ओढायचा होता. ओढता ओढता नख मोडलं. दोन स्क्रू. पहिला सुटला, दुसरा जागचा हलेना. "जोर नको, वजन टाका. पोळी लाटताना टाकता तसं." टाकलं. सुटला — आणि आत पडला! भाऊजींचा हात एकदम पुढे आला, पार बॉनेटच्या कडेपर्यंत. मग परत गेला. काखेत. "चुंबक घ्या," एवढंच म्हणाले. त्यांच्या कपाळावर माझ्यापेक्षा जास्त घाम होता.

मग ते तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले. म्हणाले, "मला बघवत नाही. हात शिवशिवतात." तोंडी सांगत राहिले, मी करत राहिले. जुनी डबी काढली, जागा पुसली, नवी बसवली. नव्या डबीच्या पाठीवर कसलं तरी पांढरं चिकट माखलेलं होतं. दुकानदाराने हात बरबटलेले असताना दिली असणार! स्पिरिटने स्वच्छ पुसून घेतली. लखलखीत. मग स्क्रू, प्लग, बॅटरी.

पहिल्या झटक्यात चालू झाली. मी ओरडले. खरोखर ओरडले. शेजारच्या बाई गॅलरीत आल्या.

रविवार, १० मार्च

दंड दुखतोय. छान दुखतोय.

सोमवार, ११ मार्च

चालवून पाहायचं ठरलं. भाऊजी स्टिअरिंगला हात लावणार नाहीत, म्हणजे मीच. परवाना आहे माझ्याकडे, पण शेवटची गाडी केव्हा चालवली ते आठवत नाही. बसले तर पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. सीट यांच्या पायाला बेतलेली.

थोडा वेळ तशीच बसले. भाऊजी टायरकडे बघत होते.

मग खालचा दांडा ओढला आणि सीट पुढे घेतली. घ्यावीच लागली.

पूल गेला, चढ गेला, मोठा रस्ता लागला. "वहिनी, चौथा गिअरही असतो हिला," भाऊजी मागच्या सीटवरून. पुढे बसले नाहीत, म्हणे मला घाबरायला जागा हवी. मी हसले. आणि तेवढ्यात — गप्प! अगदी पहिल्यासारखी!

थंड होईतो थांबलो, तरी चालूच होईना. ओढून आणावी लागली. घरी येऊन डबी काढली. भाऊजी वाकून पाहत राहिले.

"हिच्या पाठीला मलम नव्हतं?"

"कसलं मलम?"

"पांढरं."

"होतं की. पुसलं मी."

"पुसलंत?"

"स्पिरिटने."

ते स्टुलावर बसले. त्या मलमातून डबीची उष्णता खालच्या लोखंडात उतरते म्हणे. ते नसलं की ती आपल्याच उष्णतेने जळते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काचपट्टीवर एक डाग राहिला तर सगळी तपासणी वाया — तीच सवय! दिसलं की पुस!

भाऊजींचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. हसत होते! "एवढी वर्षं गॅरेज चालवतोय," म्हणाले, "पण इतकं निर्जंतुक मॉड्यूल नाही पाहिलं." मग मीही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यातलं कुठलं हसण्याचं आणि कुठलं दुसरं, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

नंतर म्हणाले, "चूक माझी. तोंड फिरवून बसलो."

बुधवार, १३ मार्च

दुकानात दुसरं नाही. बाहेरगावाहून मागवलंय. शनिवारी येईल म्हणतात. न आलं तर सोमवारी भंगारवाला.

मुलाला सांगितलं. "आई, तू? पान्याने?" मग म्हणाला, "फोटो काढून पाठव." गाडीचा का माझा ते कळलं नाही. दोन्ही पाठवले.

शनिवार, १६ मार्च

आलं! दुपारपर्यंत वाट पाहून मी आशा सोडली होती. यावेळी भाऊजी तोंड फिरवून नाही, अगदी नाकाजवळ. हात मात्र खिशात. मलमाची वेगळी नळी आणली होती. "पातळ लावा. तोंडाला पावडर लावता तसं. फासू नका." लावलं. बोटाला लागलं तर पुसायला फडकं उचललं — "वहिनी!!" दचकले. "बोट पुसा हो, डबी नाही."

दोन्ही स्क्रू एकदाही न पाडता बसवले. कुणाला सांगावं असं वाटलं. मग इथे लिहिलं.

रविवार, १७ मार्च

डॉक्टर वेळेवर आले. मी म्हटलं, आधी मी चालवते. ते शेजारी, भाऊजी मागे. शाळा, पूल, चढ — चढावर सगळ्यांनी श्वास रोखून धरला होता, डॉक्टरांनीसुद्धा. गाडी वर. मोठा रस्ता. मग पुढचं गाव, तिथल्या चौकाला वळसा, परत. तासाभरात एकदाही नाही थांबली! उन्हात तापून येऊनसुद्धा दारात उभी राहून मांजरासारखी गुरगुरत होती.

"हे काम कुणाकडून करून घेतलंत?" डॉक्टरांनी भाऊजींना विचारलं.

"समोर बसल्यात."

डॉक्टरांनी माझे हात पाहिले. नखांत काळं होतं. निघत नाही, आणि मी घासलंही नाही.

गाडी गेली. वळणावर दिवा लावून, नीट. रडू येईल असं वाटलं होतं. मी हात हलवत होते. भाऊजी म्हणाले, "पुरे, दिसेनाशी झाली."

मंगळवार, १९ मार्च

धाकटी जाऊ, भाऊजींची बायको, सामान बांधायला आली होती. मी म्हटलं, गाडी चांगल्या घरी पडली. तर म्हणते, "सुटले बाई मी! यांचा अर्धा जन्म त्या गाडीखाली गेला. मागच्या वर्षी गॅरेजात तिचा पंखा बदलताना हात कापून घेतला, आणि दादा शेजारी उभे राहून खदाखदा हसतायत!"

"भाऊजी गाडीला हात लावायचे?"

"म्हणजे काय, ताई? दादांनी यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कधी लावू दिलाय का?"

मी कपबश्या कागदात गुंडाळत राहिले.

उद्या भाऊजी टेम्पो घेऊन येतील. त्यांना काही विचारणार नाही.