टीव्हीचे संमतिपत्र

शिरूर (घोडनदी),
दि. ३ डिसेंबर

प्रिय गौतमी,

सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

हे सारे फोनवर बोलता आले असते, याची मला कल्पना आहे. परंतु तब्येतीची विचारपूस संपली की आपण दोघेही "बरं, ठेवू का?" या वाक्यापाशी येऊन पोहोचतो, आणि मला जे सांगायचे आहे ते त्या वाक्याच्या पलीकडचे आहे. म्हणून कागद घेतला. विषय तुला ठाऊक आहेच. प्राचीला दौंडच्या वसतिगृहातील खोलीत टीव्ही हवा आहे. तिच्या तिन्ही मैत्रिणींच्या घरून संमती आली आहे आणि तू नकार दिला आहेस. चौघींपैकी एकीच्या जरी घरची सही नसेल, तर खोलीत टीव्ही ठेवता येत नाही, असा तेथील नियम आहे. तू तिला म्हणालीस, "मी टीव्हीशिवायच शिकले, माझं काही बिघडलं नाही." ते वाक्य प्राचीने मला जसेच्या तसे ऐकवले. वाक्य निर्दोष आहे. मला मात्र ते ऐकून रात्रीचे जेवण गेले नाही. त्याचे कारण पुढे लिहितो; तोवर पत्राची घडी घालू नकोस.

गेल्या मंगळवारी न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एस.टी.ने मी दौंडला गेलो. खोलीत पुरुषांना प्रवेश नाही. पण रेक्टरबाईंनी माझे वय पाहिले आणि स्वतः सोबत येऊन दहा मिनिटे दिली. मी खिशात टेप नेली होती. दोन्ही भिंतींना दोन-दोन खाटा आहेत आणि समोर खिडकीखाली एक टेबल आहे. सर्वांत लांबच्या उशीपासून टेबलापर्यंत नऊ फूट भरतात, जवळच्या उशीपासून साडेचार. भिंतीला खिळा मारण्यास मनाई आहे, म्हणजे टीव्ही टेबलावरच उभा करावा लागेल. हे सगळे मी वहीत उतरवून घेत होतो. सध्या मुली एका स्टीलच्या डब्याला टेकवून एक मोबाईल उभा करतात आणि चौघी त्यासमोर बसतात. कुरकुंभच्या कंपनीत पाळीने काम करणाऱ्या गृहस्थांची स्नेहल नावाची मुलगी आहे, ती म्हणाली, "आजोबा, एका मोबाईलात चौघी म्हंजी हिरोचा एकेकीला एकेक कान येतो. नाक कुणालाच न्हाई!" मी इतका हसलो की 'म्हंजी' दुरुस्त करायचे राहूनच गेले. आणि प्राची माझ्याहून मोठ्याने हसत होती.

त्या हसण्याचे मोल तुला कळावे म्हणून मी आज एक शब्द मोडतो आहे. ऑगस्टमध्ये, पहिल्या चाचणीनंतर, प्राचीने मला दौंडच्या एस.टी. स्थानकातून फोन केला होता. सोबत बॅग भरलेली होती. "आजोबा, मला फार्मसी जमत नाही, मी तुमच्याकडे येते, आईला सांगू नका," असे ती रडत म्हणाली. मी व्याकरण शिकवू शकतो, रडणाऱ्या मुलीशी काय बोलावे हे मला आजही नीट येत नाही. "बसला पाटी कोणती आहे ते वाचून मगच चढ," एवढेच मी बोललो. शिरूरची बस लागण्याआधी स्नेहल, साई आणि अपेक्षा या तिघी तिला शोधत स्थानकावर पोहोचल्या. त्यांनी तिला वडापाव खाऊ घातला, बॅग दोघींनी धरली आणि तिला परत नेले. त्या दिवसापासून जेवणानंतर अर्धा तास एकत्र बसून काहीतरी पाहायचे, असा चौघींनी ठराव केला. तुला वाटते तशी ही करमणुकीची हाव नाही, गौतमी. आपल्या मुलीला तेथे टिकवून ठेवणारा तो अर्धा तास आहे. चौथ्या चाचणीचे गुण तू पाहिलेच असशील.

दौंडहून परतल्यावर मी बसस्थानकाजवळच्या खंडूच्या दुकानात गेलो. तो माझा जुना विद्यार्थी. निबंधात त्याला कधी पाचाच्या वर गुण मिळाले नाहीत, पण दुकान उत्तम चालवतो. चौघींची मिळून ऐपत दहा-अकरा हजारांची आहे. मी भर घालतो म्हटले तर त्यांनी साफ नाकारले. खंडूने बत्तीस इंची दाखवला. मी टेप लावली, तर रुंदी अठ्ठावीसच भरली. मी आवाज चढवला. "गुरुजी, गुरुजी, टीव्ही कोपऱ्यापासनं कोपऱ्यापर्यंत मोजत्यात. कर्ण म्हंत्यात त्याला," तो म्हणाला, आणि दुकानातली पोरे तोंड फिरवून हसली. मी टेप गुंडाळली. बातम्या लावून पाहिल्या, तेव्हा खालच्या पट्टीतील दोन चुका मी त्याला दाखवल्या. तो म्हणाला, "टीव्ही घ्यायचाय का बातम्या तपासायच्यात?" चोवीस इंची स्वस्त होता, पण नऊ फुटांवरून अक्षरे वाचताना मला डोळे बारीक करावे लागले, म्हणून तो बाद. त्रेचाळीस इंचीचे पाय त्या टेबलावर मावत नाहीत. एक कंपनी दीड हजाराने स्वस्त देत होती, पण तिचा दुरुस्तीवाला पुण्याहून यावा लागतो, तीही बाद. निवडलेल्या बत्तीस इंची टीव्हीचा दुरुस्तीवाला दौंडातच आहे. आणखी एक सोय मी स्वतः तपासली. त्याचा आवाज बिनतारी इअरफोनवर घेता येतो, म्हणजे एकीची परीक्षा असेल तर बाकीच्या तिला त्रास न देता पाहू शकतील.

आता त्या जेवणाविषयी.

तुझ्या दहावीच्या वर्षी मुंबई दूरदर्शनच्या मुलांच्या कार्यक्रमात तुमच्या शाळेचा गट गेला होता आणि निवेदन तुझे होते. दोन आठवडे तू माझ्यासमोर पाठ म्हणत होतीस आणि मी तुझे उच्चार घासत होतो. चित्रीकरण झाले. प्रक्षेपण रविवारी संध्याकाळी होते. त्याच्या आदल्या दिवशी तुझे सहामाहीचे गुण आले, गणितात एक्केचाळीस. मी आपल्या शटरच्या टीव्हीला कुलूप लावले आणि दहावी होईपर्यंत ते निघणार नाही, असे जाहीर केले. तू एकदाही विनवणी केली नाहीस. दुसऱ्या दिवशी तुझी आई तुला घेऊन शेजारी म्हस्कूकडे गेली. मी घरात उत्तरपत्रिका तपासत बसलो. भिंतीपलीकडून आधी एकदम शांतता आणि मग टाळ्या ऐकू आल्या. आळीतल्या प्रत्येकाने तुला पाहिले. पाहिले नाही ते मी. तुम्ही परत आलात, तुझ्या आईने ताट वाढले, आणि त्या विषयावर आपल्या घरात पुन्हा कोणी बोलले नाही.

तुला दहावीला गणितात अठ्ठ्याऐंशी मिळाले आणि पुढे तू गणिताचीच शिक्षिका झालीस. त्याचे श्रेय मी त्या कुलपाला दिले. तीस वर्षे पालकसभांतून मी ते उदाहरण सांगत आलो, आणि टाळ्याही घेतल्या. मेहनत तुझी होती, आणि शेजारच्या घरात बसून स्वतःला पाहण्याची ती संध्याकाळही तुझीच होती, हे त्या सभांत मी कधी सांगितले नाही. म्हणून "माझं काही बिघडलं नाही" हे तुझे वाक्य प्राचीच्या तोंडून ऐकले तेव्हा ते मला तुझे वाटले नाही. मी तुझ्या नावाने सभांत म्हणत होतो तेच ते. बिघडले होते, गौतमी. माझ्या हातून बिघडले होते, आणि ते मान्य करायला मी वयाची अठ्ठ्याहत्तरी गाठली. मला क्षमा कर. क्षमा होत नसेल तर तेही मोकळेपणाने लिही. मी तुझे उत्तर तपासणार नाही.

हे पत्र लिहिण्याचे कारण शेवटी सांगतो. प्रवेशाच्या वेळी स्थानिक पालक म्हणून तू माझे नाव दिले होतेस. त्यामुळे मंगळवारी रेक्टरबाईंनी संमतिपत्र माझ्यापुढे सरकवले आणि पेनाचे टोपणही काढून दिले. "तुमची सही चालेल, आईंची लागत नाही," त्या म्हणाल्या. प्राची दारात उभी होती. लेखणी टेकवली असती तर काम तेथेच संपले असते, आणि तुला ते नंतर कळले असते. मी पेन परत दिले. मुलीच्या बाबतीतला निर्णय तिच्या आईला न विचारता घरात एकदा झाला आहे, तो मी केला होता, आणि तुझ्या आईनेही तेव्हा मला माफ केले होते की नाही, हे मी तिला कधी विचारले नाही. प्राचीचा चेहरा पडला. मी तिला सांगितले की आईला मी लिहितो, पण ठरवणार तीच. संमतिपत्र सोबत जोडले आहे, पंधरा तारखेपर्यंत पोहोचायला हवे. तू सही केलीस तर टीव्ही मी स्वतः बसमध्ये मांडीवर घेऊन जाईन, खंडू काहीही म्हणो. नाही केलीस, तर ते प्राचीला मी समजावीन, आणि तेव्हा तुझी बाजू पूर्ण जबाबदारीने मांडीन.

तुझाच, या खेपेस केवळ विचारणारा,
नाना