ओढ्यापलीकडचा कडा

शनि., ११ ऑक्टो. कोडैकानल

माझा ट्रेकचा ग्रुप मागे आणला. कडा न बघताच. बूट अजून ओले, खोलीवर बसून लिहितेय.

निघालो तेव्हा ऊन होतं. जंगलातून ओढ्यापर्यंत आलो तर पाणी गढूळ. गुडघाभरच, पण खालून दगड घरंगळल्याचा आवाज. वर कुठेतरी पाऊस झाला असणार. मुरुगेसन, आमचा इथला वाटाड्या, म्हणाला दोर लावू, एकेकाला हाताला धरून नेऊ, होईल. बहुतेक झालंही असतं. काठावर उभी राहिले, आवाज ऐकत राहिले, मग म्हटलं नाही, फिरा मागे.

बाकी सगळे आयटीवाले, तरुण. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं. नुसत्या सॅक उचलल्या आणि वळले.

एकट्या सरोजामावशी काठावरून हलेनात. मैलापूरच्या, निवृत्त शिक्षिका, ग्रुपमध्ये वयाने सगळ्यांत मोठ्या. बाकीचे त्यांना मामी म्हणतात. मराठी तंजावरची, जुन्या पोथीतल्यासारखी, मध्येच तमिळ. मी साताऱ्याची म्हटल्यापासून माझ्याशी मराठीतच बोलतात. आणि कण्णा म्हणतात, म्हणजे बाळा. पलीकडे बघत विचारलं, "कडा किती दूर, कण्णा?"

अर्धा तास असेल, म्हटलं.

"सरी, बरें," म्हणाल्या आणि वळल्या.

रवि., १२ ऑक्टो. परतीत

गाडी घाट उतरताना मावशी शेजारी येऊन बसल्या. जन्मभर भूगोल शिकवला. फळ्यावर घाट काढायचा, पठार कुठे तुटतं ते दाखवायचं, खाली मैदान, मैदानात तळी. स्वतः कधी त्या कडेला उभ्या राहिल्या नाहीत. आधी सासूचं आजारपण, मग नवऱ्याचं, मग मुलाचं शिक्षण. आता डावा डोळा गेलाय. उजवाही चाललाय. डॉक्टर इंजेक्शनं देतात, थोडे दिवस धरेल म्हणतात, किती ते सांगत नाहीत.

हे नाव नोंदवतानाच का नाही सांगितलंत, असं विचारलं.

"सांगितलें असतें तर मजला नेलें असतें कां तुम्हीं?"

नसतं नेलं.

पण डोक्यात दुसरंच चाललंय. ओढ्याच्या काठावर त्यांनी हे सांगितलं असतं, तर मी ओलांडला असता का? असता, असं वाटतं. त्याचीच भीती वाटते.

सोम., १३ ऑक्टो.

गिंडी, रोजची नोकरी. ऑफिसात ड्रॉइंग तपासायला बसले, यंत्राच्या एका पार्टचं माप सरळ चुकीचं, तरी सही केली. संध्याकाळी साहेबांनी परत आणून दिलं. असं कधी होत नाही माझं.

दुपारी फोनवर फोटो आले. प्रवीण, आमच्यातलाच दुसरा लीडर, शनिवारीच पण दुपारनंतर त्याचा ग्रुप घेऊन तिथे गेला होता. तोच ओढा. सगळे पलीकडे. कड्यावर हात पसरून उभे. मागे स्वच्छ मैदान.

पाणी उतरलं असेल तोवर. की नव्हतंच तेवढं?

अनिकेत अंबत्तूरहून, कामावरून आल्यावर त्याला दाखवले. म्हणाला, तू बरोबरच केलंस. मग जेवताना म्हणाला, तशी तू जरा जास्तच जपतेस पण. नवरा म्हणून बोलला की ग्रुपमधल्या कुणासारखा, कळलं नाही.

गुरु., १६ ऑक्टो.

सेंदिलने नुंगंबाक्कमला ऑफिसात बोलावलं. ट्रेकचं हे सगळं त्याने उभं केलेलं, मी त्याच्याकडे शनिवार-रविवारचीच लीडर. ग्रुपमधून तक्रारी आल्यात म्हणाला. आवाज चढवला नाही. सेंदिल कधीच चढवत नाही. "तू चुकलीस असं मी म्हणत नाही, मुक्ता. पण तू बरोबर होतीस असंही मला त्यांना दाखवता येत नाही."

पुढची बॅच प्रवीणकडे. मी थोडी विश्रांती घ्यायची.

बाहेर पडले आणि स्टेशनच्या उलट दिशेने चालत सुटले. बरंच पुढे गेल्यावर लक्षात आलं. तशीच चालत राहिले.

शनि., २५ ऑक्टो.

कितीतरी दिवसांनी शनिवारी घरी. पंखे पुसले. सॅक रिकामी केली, परत भरली, परत रिकामी केली. बाहेर पाऊस. अनिकेत म्हणाला बस की जरा एका जागी. बसले. पाय हलत होते.

संध्याकाळी मावशींचा फोन. पुढच्या इंजेक्शनाआधी पुन्हा जायचंय. ग्रुप नको, आपण दोघीच.

सेंदिलकडून नेता येणार नाही म्हटलं.

"सेंदिलास कोण विचारतें? मी तुम्हांस विचारतें."

विचार करून सांगते, म्हटलं. कसला विचार. फोन ठेवायच्या आधीच ठरलं होतं.

सोम., २७ ऑक्टो.

त्यांच्या मुलाचा फोन, व्यंकटचा. तमिळमध्ये, अगदी सभ्य. त्या दिवशी तुम्हाला धोका वाटला आणि तुम्ही अम्माला मागे आणलंत, त्याबद्दल आभार, म्हणाला. आता मला धोका वाटतोय, मग तुम्हाला का पटत नाही?

मावशींशी बोलते म्हटलं आणि फोन ठेवला.

मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "तो माझा मुलगा. मी त्याची मुलगी नव्हें." मग हळू आवाजात, त्याच्याशी मी बोलतें, तुम्ही तिकिटें काढा.

रवि., ९ नोव्हें. कोडैकानल

काल जाऊन आलो. लिहायला आज बसले.

ओढा अगदी शांत. मुरुगेसनने मावशींचा एक हात धरला, मी दुसरा. दगडांवरून गेलो, पाऊलसुद्धा भिजलं नाही. पलीकडे गेल्यावर मावशी थांबल्या, वळून पाण्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, एवढंच होतं?

पुढची वाट सोपी. पण मुळं त्यांच्या पायात येत होती. ऑक्टोबरात येत नव्हती. मुरुगेसनने एकदा माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं.

कड्यावर धुकं. पांढरं, गच्च. त्यांना आतल्या बाजूच्या खडकावर बसवलं, मी शेजारी. त्यांनी शालीत हात गुंडाळले. आपण होऊनच सांगायला लागल्या, खाली पायथ्याशी काय असेल, नदी कोणीकडून वळेल, तळी कशी दिसतील. वर्गात सांगावं तसं. ऐकत बसले.

मग वारा फिरला आणि धुकं उठलं. सगळंच. पायाखाली उतार, त्याखाली शेतं, तळ्यांवर ऊन, लांब एक रस्ता आणि त्यावर चकाकणारी काहीतरी गाडी. इतकं स्वच्छ मीही क्वचित बघितलंय. मुरुगेसन मागून काहीतरी म्हणणार होता, मी हाताने त्याला थांबवलं.

कारण मावशी तशाच बसल्या होत्या. तोंड त्याच बाजूला. वाट बघत.

"वारा बदलला," म्हणाल्या. "उघडलें कीं नाहीं?"

माझ्या समोर सगळं मैदान होतं.

"नाही मावशी. धुकं आहे अजून."

"बरें. बसूं थोडें."

बसलो. बराच वेळ. ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं. ते तरी कळलं असेल की नाही त्यांना? मी विचारलं नाही. निघताना म्हणाल्या, पायांस कळलें, इथें जमीन संपते.

सोम., १० नोव्हें.

अनिकेतला सगळं सांगितलं. तो ताटं उचलून आत गेला. नंतर स्वयंपाकघरातून विचारलं, मुरुगेसनला मराठी कळतं का? नाही म्हटलं. मग ठीक, म्हणाला.

ठीक कसं? मला कळतं ना.

चार आठवडे. ओढा तेव्हा ओलांडला असता तर त्यांना दिसलं असतं. किंवा कुणीतरी वाहून गेलं असतं. दोन्ही खरं असू शकतं. दोन्हीतलं एक हातात धरून झोपायला जाते, दुसरं जागं करतं.

मंगळ., १८ नोव्हें.

सेंदिलचा मेसेज. डिसेंबरची बॅच मोठी आहे, प्रवीणला एकट्याला झेपणार नाही, येतेस का? उत्तर दिलेलं नाही.

व्यंकटचा फोन. अम्मा खूश आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओढ्याचं सांगतेय, थँक्स. मग म्हणाला, पण डॉक्टर म्हणतात तिला आता लांबचं फारसं दिसत नसणार. ती म्हणते, धुकं होतं. होतं ना?

होतं, म्हटलं. ते तर खोटं नाही. आधी होतंच.

मागून मावशींचा आवाज आला, फोन मजला दे. घेतला.

"जानेवारींत धुकें नसतें ना, कण्णा?"

नसतं, म्हटलं.

"मग तेव्हां जाऊं. तुम्हीं नेणार ना?"

व्यंकट तिथेच उभा असणार. पलीकडे श्वास ऐकू येत होता, कुणाचा ते कळेना.

नेते, म्हटलं.